वाटेवरचे प्रश्न : कोकण किनाऱ्यावर एकट्याने गाडी घेऊन जाताना

गेल्या अंकात या सदरात कोकणातल्या खाड्यांवरच्या फेरीबोटींचा ओझरता उल्लेख आला होता. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे एकाच विषयाची निघाली : सोबतीला कोणी नसताना स्वतः गाडी चालवत रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावर चार दिवस काढायचे असतील, तर काय करावे आणि काय टाळावे. हा किनारा मी गेली अनेक वर्षे एकट्यानेच हिंडत आलो आहे, त्यामुळे हा अंक त्याच पत्रांना दिला आहे. पत्रलेखकांची नावे न देता फक्त गावे दिली आहेत.

प्रश्न : मी पुण्यात नोकरी करतो. डिसेंबरमध्ये सलग चार दिवस सुटी मिळते आहे. हरिहरेश्वरपासून गोव्याच्या हद्दीपर्यंत समुद्राच्या कडेकडेने एकट्याने जावे असा विचार आहे. फोनवरचा नकाशा हा प्रवास दोन दिवसांत सहज होईल असे दाखवतो. दिवसाला किती किलोमीटर धरावेत? (पुणे)

उत्तर : दिवसाला शंभर किलोमीटर धरा आणि गोवा या खेपेपुरता सोडून द्या.

नकाशा खोटे सांगत नाही, पण या किनाऱ्याचा स्वभाव त्याला कळत नाही. हाताचा पंजा पसरून टेबलावर ठेवा. दोन बोटांची टोके एकमेकांपासून वीतभरही लांब नसतात, पण एका टोकावरच्या मुंगीला दुसऱ्या टोकावर जायचे असेल तर तिला पार तळव्यापर्यंत मागे यावे लागते. कोकणचा किनारा असा आहे. सह्याद्रीतून निघालेली प्रत्येक नदी समुद्राला मिळताना रुंद खाडी करते : बाणकोटला सावित्री, दाभोळला वाशिष्ठी, जयगडला शास्त्री, रत्नागिरीच्या भाट्याला काजळी, पूर्णगडला मुचकुंदी, जैतापूरला अर्जुना आणि विजयदुर्गाला वाघोटण. भाट्ये, पूर्णगड, जैतापूर इथे पूल आहेत. बाणकोट, दाभोळ आणि जयगड इथे मात्र आजवर फेरीबोटीचाच आधार राहिला आहे, जिला आपल्याकडे सगळे जण ‘जंगल जेट्टी’ म्हणतात. रेवस ते रेडी या सागरी महामार्गासाठी या खाड्यांवर पूल बांधण्याची कामे हाती घेतलेली आहेत, त्यामुळे माझे हे उत्तर काही वर्षांत जुने होईल आणि तसे ते व्हावेही; पण तोवर तुमच्या दिवसाचा हिशेब किलोमीटरवर न बसता बोटीच्या वेळेवर बसणार आहे.

हे मी शहाणपणाने सांगत नसून फजितीने सांगतो आहे. एका डिसेंबरात दापोलीजवळची पन्हाळेकाजीची लेणी पाहण्यात मी नको इतका रमलो. ती एकोणतीस लेणी ओढ्याच्या काठाने कोरलेली आहेत, एकातून निघून दुसऱ्यात जाताना वेळ कळत नाही. दाभोळच्या धक्क्यावर पोहोचलो तेव्हा शेवटची बोट नुकतीच सुटली होती. समोर खाडीपलीकडे धोपाव्याचे दिवे दिसत होते, एखादा पोहणारा पोहूनही जाईल इतके ते जवळ वाटत होते. गुहागरात खोली सांगून ठेवलेली होती. मग दापोली, खेड, चिपळूण असा सगळा पंजा फिरून शंभरावर किलोमीटर गाडी हाकली आणि रात्री साडेबारा वाजता यजमानांना झोपेतून उठवले. बोटीतून गेलो असतो तर धोपाव्याला उतरून रात्रीच्या जेवणाआधी गुहागरात असतो. त्या दिवसापासून बोटीची शेवटची फेरी किती वाजता आहे, हे आदल्या संध्याकाळी जिथे मुक्काम असेल तिथल्या माणसांना विचारतो. फलकावरची वेळ आणि त्या दिवशीची खरी वेळ यांत कधी कधी अंतर पडते, विशेषतः समुद्र खवळलेला असेल तेव्हा.

चार दिवसांचा माझा आराखडा असा आहे. पहिल्या दिवशी ताम्हिणी घाटातून माणगावला उतरा, महामार्गाने महाड, पोलादपूर करत कशेडी घाट ओलांडा, खेडच्या भरणे नाक्यावरून दापोलीकडे वळा आणि कर्दे किंवा मुरूड इथे मुक्काम करा. मुरूड हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे गाव. नारळी-पोफळीच्या बागांमधून जाणारा तिथला दगड बसवलेला पाखाडीचा रस्ता सकाळी पायी फिरण्याजोगा आहे. दुसऱ्या दिवशी दाभोळला जा. बोटीला वेळ असला तर धक्क्याजवळची विजापूर शैलीतली जुनी मशीद पाहून घ्या. एके काळी दाभोळ हे मोठे बंदर होते, याची खूण आता तेवढीच ठळक उरली आहे. धोपाव्याला उतरल्यावर गुहागर, वेळणेश्वर करत हेदवीला थांबा. तिसऱ्या दिवशी तवसाळहून बोटीने जयगडला जा, तिथून कवी केशवसुतांचे जन्मगाव मालगुंड आणि पुढे आरे-वारे. आरे-वारेचा रस्ता डोंगराच्या कडेने समुद्राच्या अगदी वरून जातो. तिथे गाडी चालवताना समुद्र पाहू नका. रुंद जागा आली की थांबा, खाली उतरा आणि मग हवा तेवढा वेळ पाहा. रात्र रत्नागिरीत काढा. चौथा दिवस आंबा घाट आणि परतीचा.

बोटीवर गाडी चढवण्याची धास्ती अनेकांना असते, म्हणून तेही सांगतो. धक्क्याच्या उतारावर बोटीची लोखंडी फळी येऊन टेकते तेव्हा मोठा खणखणाट होतो. आधी दुचाक्या आणि माणसे उतरतात, मग गाड्या. चढताना कधी सरळ घ्यायला सांगतात, कधी उलटी. बोटीवरचा माणूस हाताने खुणा करत ‘येऊ दे, येऊ दे, बस’ म्हणतो आणि शेजारच्या गाडीपासून चार बोटे अंतर ठेवून थांबवतो. त्याच्यावर विश्वास ठेवा, तो दिवसभर हेच करतो. ओहोटीच्या वेळी धक्क्याचा उतार जास्त उघडा पडतो आणि खालचा ओला भाग शेवाळलेला असतो. तिथे पहिल्या गिअरमध्ये एका वेगाने चढायचे, मध्ये थांबायचे नाही. गाडी लागली की हातब्रेक ओढायचा, गिअर टाकून ठेवायचा आणि दार हळूच उघडायचे.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे, वय ५९. यजमान दोन वर्षांपूर्वी गेले. गाडी मी पंचवीस वर्षे चालवते, पण कायम सांगली आणि आसपास. आता एकटीने कोकणात जाऊन चार-पाच दिवस समुद्राजवळ राहावे असे मनापासून वाटते. मुलगा आणि सून काळजीपोटी नको म्हणतात. राहायला जागा मिळेल का? आणि हे करावे की नाही? (सांगली)

उत्तर : बाई, करावे. मुलाची काळजी खोटी नाही, म्हणून तिला तपशिलाने उत्तर द्यावे. ‘मला काही होत नाही’ या वाक्याने ती कमी होत नाही.

आधी जागेचे सांगतो, कारण खरी अडचण तिथेच येते. शहरातल्या आणि महामार्गावरच्या काही लॉजमध्ये एकट्या माणसाला खोली देत नाहीत. स्त्री असो वा पुरुष, एकटे कोणी आले की काहीतरी विपरीत घडेल आणि पोलिसांचे झेंगट मागे लागेल, अशी मालकांना भीती असते. मलाही दोनदा ‘फॅमिली असेल तरच’ असे ऐकवून बाहेरचा रस्ता दाखवला आहे. म्हणून लॉजच्या नादी लागू नका. किनाऱ्यावरच्या गावांमध्ये आता घरगुती निवासाची सोय भरपूर आहे : मालक पुढच्या घरात राहतात आणि मागच्या किंवा वरच्या दोन-तीन खोल्या पाहुण्यांना देतात. राज्याच्या पर्यटन विभागाच्या ‘निवास व न्याहारी’ योजनेत नोंदलेली घरेही यांत आहेत. निघण्याच्या आदल्या आठवड्यात स्वतः फोन करा आणि आडवळण न घेता सांगा, की मी एकटी येणार आहे, माझे वय इतके आहे, गाडी मीच चालवणार आहे. पलीकडून घरातल्या वहिनी किंवा काकू बोलल्या, तर निम्मे काम झाले असे समजा. त्या तुम्हाला कोठून वळायचे, कोणत्या देवळापाशी थांबायचे हे सांगतील आणि तुम्ही पोहोचला नाहीत तर तुमच्याआधी त्याच मुलाला फोन करतील. मुलाकडे त्यांचा नंबर आणि त्यांच्याकडे मुलाचा नंबर, एवढी देवाणघेवाण करून ठेवा. रोज दर दोन तासांनी ठावठिकाणा कळवण्यापेक्षा ते बरे. किनाऱ्यावरच्या खोलगट गावांत फोनला रेंज नसणे नेहमीचे आहे, आणि दर दोन तासांचा वायदा केला की एका चुकलेल्या फोनने घरचे हवालदिल होतात.

तुम्हाला मी पुणेकर वाचकाला दिलेला आराखडा देणार नाही. रोज नवे गाव, रोज नवे अंथरूण, यात चार दिवस सामान बांधण्यात आणि सोडण्यात जातात. त्यापेक्षा एकाच ठिकाणी चार रात्री राहा. सांगलीहून कोल्हापूर, आंबा घाट, साखरपा, पाली करत रत्नागिरी गाठा आणि भाट्याचा पूल ओलांडून दक्षिणेला पावसच्या दिशेने जा. पूर्णगडाचा पूल लागल्यावर गावखडी, पुढे कशेळी आणि आडिवरे. या पट्ट्यात वर्दळ कमी आणि पाहण्यासारखे पुष्कळ आहे. कशेळीचे कनकादित्याचे देऊळ हे महाराष्ट्रातल्या मोजक्या सूर्यमंदिरांपैकी एक. या गावासंबंधीचा शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळातला ताम्रपट अभ्यासकांच्या परिचयाचा आहे. त्याच गावच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या माळावर, कातळात कोरलेला भलाथोरला हत्ती आहे. कोकणातली ही कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा संभाव्य यादीत गेली, आणि त्यात कशेळीचाही समावेश आहे. हत्ती पाहायला सकाळी लवकर किंवा उन्हे कलल्यावर जा. माध्यान्ही जांभ्याच्या सड्यावर सावलीचे एक झाड मिळत नाही आणि डोक्यावरचे ऊन असताना कोरलेल्या रेषाही नीट दिसत नाहीत, तिरप्या उन्हात त्या उठून येतात.

अनुस्कुऱ्याचा घाट तुम्हाला अंतराने सोयीचा वाटेल, पण पहिल्या खेपेला आंबा घाटच धरा. रस्ता कोणता चांगला, हा इथे मुद्दा नाही. गाडी बंद पडली तर पाच मिनिटांत दुसरी गाडी यावी, हा मुद्दा आहे. घाट उतरताना ज्या गिअरमध्ये तो चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा, सारखा ब्रेक दाबून ठेवू नका, आणि समोरून चढणारे वाहन आले तर त्याला आधी जाऊ द्या. चढणाऱ्याला वाट देणे हा नियमच आहे. चढणारी एस.टी. वळणावर दिसली तर वळणाच्या अलीकडेच थांबा, कारण तिला सगळा रस्ता लागतो.

निघण्याआधी आठ दिवस दोन गोष्टींचा सराव करा. एक, स्टेपनी बदलणे. अंगणात गाडी जॅकवर चढवून चाकाचे नट स्वतः एकदा तरी सैल करून पाहा. गॅरेजमध्ये यंत्राने आवळलेले नट हाताने सुटत नाहीत, हे सड्यावर कळण्यापेक्षा अंगणात कळलेले चांगले. दुसरी, गाडी मागे घेणे. कोकणातल्या आळ्यांमध्ये दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, म्हणजे कुंपणाच्या दगडी भिंती, असतात आणि मध्ये एकच गाडी जाईल एवढी वाट. समोरून टेम्पो आला की कोणीतरी शंभर पावले मागे जायचे असते, आणि तो कोणीतरी बहुधा पाहुणाच असतो. आरशात पाहत, घाई न करता मागे जाता आले की या प्रदेशात गाडी चालवण्याची निम्मी भीती जाते.

अंधार पडण्याआधी मुक्कामावर असावे, एवढा एक नियम मात्र मोडू नका. डिसेंबर-जानेवारीत सहाच्या सुमारास सूर्य बुडतो. त्यानंतर सड्यावरच्या रस्त्यावर दिवा नसतो, कडेचे पांढरे पट्टे असतीलच असे नाही, आणि दिवसभर उन्हाने तापलेल्या डांबरावर गुरे येऊन बसतात. काळी म्हैस काळ्या रस्त्यावर दहा पावलांवर येईपर्यंत दिसत नाही.

प्रश्न : मला पोहता येते, तलावात रोज पोहते. एकटी असताना समुद्रात उतरावे का? भरती-ओहोटीची वेळ कशी ओळखायची? (ठाणे)

उत्तर : एकट्याने गुडघ्यापलीकडे उतरू नये. तलावातले पोहणे आणि समुद्रातले पोहणे यांचा संबंध पाटावर बसण्याचा आणि घोड्यावर बसण्याचा जेवढा संबंध आहे तेवढाच. ज्या किनाऱ्यावर लाटा फुटतात तिथे आत आलेले पाणी कोठून तरी परत जात असते. ते बहुधा एका अरुंद पट्ट्यातून जोराने जाते, आणि तो पट्टा वरून शांत दिसतो, कारण तिथे लाटा फुटत नाहीत. अनोळखी माणूस नेमकी तीच शांत जागा निवडतो. अशा ओढीत सापडल्यास किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नये, त्यात दम संपतो. किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला सरकावे आणि ओढ सुटली की मग किनाऱ्याकडे यावे. खाडीच्या मुखाशी तर ओहोटीच्या वेळी अजिबात उतरू नये, कारण तेव्हा सगळी खाडी समुद्राकडे धावत असते.

आता तुमचा दुसरा प्रश्न, जो मला फार आवडला. भरतीची वेळ फोनवर मिळते, पण रेंज नसताना कोकणातला जुना हिशेब कामाला येतो आणि त्याला फक्त भिंतीवरचे कालनिर्णय लागते. त्या दिवसाची तिथी घ्यावी आणि तिची पाऊणपट करावी. जो आकडा येईल तितके वाजण्याच्या सुमारास पूर्ण भरती असते, दिवसाही आणि रात्रीही. चतुर्थीला तीन वाजता. पंचमीला पावणेचार. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा आणि अमावास्या या पंधराव्या तिथी, म्हणून सव्वाअकरा. त्यात सहा तास मिळवले की पूर्ण ओहोटी. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, आणि पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस मिनिटे, एवढ्या जवळचा हा हिशेब आहे. अर्ध्या-पाऊण तासाची चूक धरून चाला. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते, पाणी खूप वर येते आणि खूप खालीही जाते. अष्टमीच्या आसपास भांग असते, चढ-उतार बेताचा राहतो.

याचा उपयोग केवळ पोहणाऱ्याला नाही. हेदवीच्या देवळाजवळ समुद्रकाठच्या कातळात ‘बामणघळ’ नावाची अरुंद भेग आहे. भरतीच्या वेळी लाट त्या भेगेत शिरते, तिला पुढे जायला वाव राहत नाही आणि पाण्याचा उंच फवारा सरळ वर उडतो. ओहोटीला गेलात तर तिथे नुसती भेग दिसते आणि ‘यात काय आहे’ म्हणत माणसे परत फिरतात. पौर्णिमेच्या जवळपास सकाळी साडेदहा-अकराला जा, आणि भेगेच्या काठापासून लांब उभे राहा. ओला कातळ निसरडा असतो आणि पुढची लाट आधीच्या लाटेएवढीच असेल असे नाही. त्याचप्रमाणे ओहोटीत कातळावरून चालत एखाद्या टोकाला वळसा घालून पलीकडच्या पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, जायचे असेल, तर निघतानाच मनात तिथी मोजा. परतीची वाट पाण्याखाली गेली की एकट्या माणसाला हाक मारायलाही कोणी नसते.

प्रश्न : पावसाळ्यात मोटारसायकलने एकट्याने जावे का? फोटो फार छान येतात. (कोल्हापूर)

उत्तर : फोटो छान येतात, हे खरे. पण पहिलीच एकट्याची खेप असेल तर जाऊ नये. घाटात दरड येते, वरंध्यासारखे घाट तर पावसाळ्यात वाहतुकीला बंदच ठेवण्याची वेळ येते, खाडीतल्या बोटी वाऱ्यामुळे अचानक थांबतात आणि जांभ्याच्या तांबड्या चिखलावरून दुचाकी कशी घसरते हे एकदा पडल्याशिवाय कळत नाही. नवरात्रानंतर जा. हिरवे तेव्हाही असते, ओढे वाहते असतात आणि रस्ते उघडलेले असतात.

प्रश्न : मला अगदी निर्मनुष्य समुद्रकिनारे हवे आहेत, जिथे गाडी थेट वाळूत पाण्यापर्यंत नेता येईल. दोन-तीन नावे द्यावीत. (नाशिक)

उत्तर : निर्मनुष्य किनाऱ्यांची नावे छापली की ते निर्मनुष्य राहत नाहीत, म्हणून ती देत नाही. आडिवऱ्याहून आंबोळगडाकडे जाणाऱ्या रस्त्यावर उजवीकडे फुटणाऱ्या लहान वाटा आहेत, एवढे पुरे.

गाडी वाळूत नेण्याबद्दल मात्र सविस्तर बोलले पाहिजे. भरतीच्या रेषेखालची ओली वाळू कडक दिसते आणि पहिली पन्नास पावले ती गाडीला धरतेही. पुढे कोठेतरी चाक बसते, चालक घाबरून अ‍ॅक्सिलरेटर दाबतो, चाक जागेवर फिरते आणि गाडी बुडापर्यंत रुतते. मग ट्रॅक्टर शोधायचा, आणि तो येईपर्यंत भरती ट्रॅक्टरची वाट पाहत नाही. दरवर्षी सुट्यांमध्ये दापोली-मुरूडच्या किनाऱ्यांवर हे घडते, लाटांत अर्धी बुडालेली चकचकीत गाडी वर्तमानपत्रात दिसते आणि वर पोलिसांची कारवाई होते. एकट्याने असाल तर ढकलायलाही कोणी नसते.

दुसरे कारण गाडीचे नसून वाळूचे आहे. थंडीच्या दिवसांत या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या रात्री वर येतात, मागच्या पायांनी सुरईच्या आकाराचा खोल खड्डा करतात, त्यात शंभराच्या आसपास अंडी घालतात, वाळू सारखी करतात आणि परत जातात. वरून काही कळत नाही. चाकाखाली वाळू दबली तर अंडी तरी फुटतात, नाहीतर पन्नासएक दिवसांनी निघालेली पिल्ले त्या दबलेल्या थरातून वर येऊ शकत नाहीत. बाणकोट खाडीजवळच्या वेळास गावात २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन ही अंडी कुंपणात सुरक्षित ठेवण्याचे काम सुरू केले, आणि आता पिल्ले समुद्रात सोडताना पाहायला लोक लांबून येतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये जाणार असाल तर वेळासला एक रात्र काढा. सकाळी सूर्य उगवल्यावर अंड्यांच्या जागेवर झाकलेली टोपली उचलतात. कधी खाली वीस पिल्ले असतात, कधी एकही नसते. ज्या दिवशी मी गेलो त्या दिवशी तीन होती. त्यातले एक वाळूतल्या माणसाच्या पावलाच्या ठशात अडकले आणि चढ चढून बाहेर यायला त्याला चार मिनिटे लागली. टायरचा खोल माग त्याच्यासाठी केवढा असेल, ते तुम्हीच पाहा.

प्रश्न : मी शाकाहारी नाही, पण एकट्यासाठी घरगुती ठिकाणी वेगळे मासे कोण करून देणार? (औरंगाबाद, आताचे छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : देतात, फक्त वेळेत सांगावे लागते. दुपारच्या जेवणाचे आदल्या रात्री आणि रात्रीच्या जेवणाचे सकाळी न्याहारीच्या वेळी सांगा, म्हणजे बाजारातून एकाच माणसापुरता बांगडा किंवा सौंदाळा आणता येतो. सुरमईचा आग्रह धरू नका. एका माणसासाठी सुरमई घेणे त्यांना परवडत नाही आणि दर ऐकून तुम्हालाही परवडणार नाही. गुहागर, हेदवी, गणपतीपुळे या देवस्थानांच्या गावांतली पुष्कळ घरे शुद्ध शाकाहारी आहेत, तिथे मासे मागू नयेत. सोमवार, गुरुवार, संकष्टी हे वार-तिथीही लक्षात ठेवावेत. जून आणि जुलै हे दोन महिने यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, तेव्हा ताटात येणारा मासा बर्फातला किंवा खाडीतला असतो. शाकाहारी घरी गेलात तरी उपाशी राहणार नाही : आंबोळी, घावन, कुळथाचे पिठले, फणसाची भाजी, आणि भात सोलकढीत कालवून.

प्रश्न : मी मागच्या वर्षी एकटाच दापोलीला गेलो. दिवस उत्तम गेले, पण संध्याकाळी सहानंतर काही केल्या करमेना. दुसऱ्याच दिवशी परत आलो. पुन्हा जावेसे वाटते, पण त्या संध्याकाळचीच धास्ती वाटते. (मुंबई)

उत्तर : तुमचे पत्र मला सगळ्यांत प्रामाणिक वाटले. एकट्याच्या प्रवासाचे वर्णन करणारे लोक सूर्यास्तापाशी थांबतात. सूर्यास्तानंतरचे तीन तास कोणी लिहीत नाही. किनाऱ्यावरचे लोक पांगतात, डास येतात, वीज जाते, खोलीत एक खुर्ची असते आणि जेवण साडेआठला मिळणार असते. शहरात या वेळी आपण घरी परतत असतो, बहुधा म्हणूनच परक्या गावात ती वेळ अंगावर येते.

त्यावर माझे उपाय साधे आहेत. खोलीत थांबू नका. मालकांच्या पडवीत जाऊन बसा. कोकणात पडवीत बसलेल्या माणसाला कोणी ‘का बसलात’ असे विचारत नाही, थोड्या वेळाने चहा येतो आणि मग आपले आडनाव, गाव आणि कुलदैवत यांची चौकशी सुरू होते, ती तासभर पुरते. गावात देऊळ असेल तर आरतीला जा. शिमग्याच्या दिवसांत गेलात तर ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरत असते आणि रात्री नमन-खेळे ही लोकनाट्ये असतात, तेव्हा करमत नाही म्हणण्याची सोयच राहत नाही. मात्र त्या दिवसांत रस्त्यात पोरे गाडी अडवून पोस्त, म्हणजे शिमग्याचे पैसे, मागतात, त्यासाठी दहा-दहाच्या नोटा जवळ ठेवा आणि कपाळाला आठ्या घालू नका.

दापोलीलाच जाणार असाल तर चार वाजल्यानंतर हर्णै बंदरावर जा. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग दिसतो. होड्या उथळ पाण्यात थांबतात, तिथपर्यंत बैलगाड्या पाण्यात जातात आणि मासळीने भरलेल्या टोपल्या घेऊन परत येतात. ओल्या वाळूवर मासळीचे वाटे लागतात आणि प्रत्येक वाट्याभोवती माणसांचे रिंगण जमते. बोली इतक्या वेगाने चढते, की पहिल्या दिवशी मला आकडेसुद्धा कळले नाहीत. कोणत्या भुवईच्या हालचालीने वाटा कोणाच्या नावावर गेला, हे तर तिसऱ्या खेपेला उमगले. टोपली डोक्यावर घेतलेल्या बायका तुम्हाला धक्का देत पुढे जातील, त्यात राग मानू नका. अंधार पडेपर्यंत हे चालते आणि मुक्कामी परतताना जेवणाची वेळ झालेली असते. तिथे दोन गोष्टी सांभाळा : पायांत रबरी चपला घाला आणि रिंगणात शिरण्याआधी एकदा मागे वळून पाहा, कारण बैलगाडी वाळूवरून येताना चाकांचा आवाज अजिबात होत नाही.